नवी गाडी काढण्याआधी जुनीचा हिशेब

दसऱ्याला झरी जामणी तालुक्यातल्या वावरात पराटीवर बोंडं असतात आणि हातात पैसा नसतो. गाड्यांच्या जाहिरातींना नेमका तेव्हाच ऊत येतो. दसरा-धनत्रयोदशीला गाडी घरी आलीच पाहिजे, असा घरच्यांचा आग्रह असतो. कापूस वेचून जिनिंगवर नेणं, माप होणं आणि सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) पैसे खात्यात पडणं या सगळ्याला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणजे सणाला गाडी काढणारा शेतकरी तीच गाडी जास्त कर्ज काढून घेतो. पगारदार शिक्षकाला किंवा मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातल्या कर्मचाऱ्याला दिवाळीची सवलत परवडते, कारण त्याचा पैसा दरमहा येतो. ज्याचा पैसा वर्षातून एकदा येतो त्याने मुहूर्तही त्याच पैशाचा धरावा. जानेवारीत शोरूमवाल्याकडे सरलेल्या वर्षात बनलेल्या गाड्या उरलेल्या असतात आणि मार्चअखेर त्याच्यावर विक्रीचं उद्दिष्ट गाठण्याचा दबाव असतो. घासाघीस करायला याहून बरे महिने नाहीत.

पण शोरूमची पायरी चढण्याआधीचं काम अंगणात उभं असतं. जुन्या गाडीचा निकाल लागल्याशिवाय नव्या गाडीचं बजेट ठरत नाही. बहुतेक जण उलटं करतात. आधी नवीचा रंग ठरवतात, टोकन देतात आणि मग "आमची जुनी घेता का?" असं विचारतात. टोकन दिलेल्या माणसाला जुन्या गाडीचा भाव चांगला मिळत नाही.

पहिला प्रश्न असा, की जुनी खरंच बदलायला झाली आहे का? क्लचप्लेट गेली, एसी थंड करत नाही, सस्पेन्शन वाजतं, ही गाडी बदलण्याची कारणं नव्हेत, हा दुरुस्तीचा खर्च आहे. वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या मिस्त्रीकडून पुढच्या वर्षभरात निघणाऱ्या सगळ्या कामांचा अंदाज एका कागदावर लिहून घ्या. हा आकडा गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जात असेल तर गाडी सोडा. त्याच्या बराच खाली असेल तर आणखी दोन हंगाम चालवा. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. त्यात एक भर घालावी लागते. घरातून दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर रात्री दोनला ही गाडी सुरू होईल, असा भरवसा आहे का? शिबला-माथार्जुनकडच्या गावातून निघून वणीला पोचायचं असेल तर हा प्रश्न पैशापेक्षा मोठा ठरतो.

वयाचाही हिशेब आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल 2022 पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून थेट 5,000 झालं. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते 10,000 केलं गेलं. उशीर केला तर खासगी चारचाकीला महिन्याला 500 रुपये दंड, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. 2010-11 साली काढलेल्या इंडिका, अल्टो, बोलेरो आजही तालुक्यात भरपूर धावतात. त्यांच्या मालकांनी आरसीवरची मुदत आजच बघावी. मुदत संपलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण लागतं.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्या इंधनाला चालतील अशा साहित्याच्या बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांचं अॅव्हरेज थोडं उतरतं आणि फार जुन्या गाडीत रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. मिस्त्रीच्या त्या कागदावर हे कामही लिहून घ्या.

सोडायचं ठरलं की गाडी विकण्याआधी तिच्या विम्याची पॉलिसी हातात घ्या. बहुतेकांना माहीत नसलेला पैसा इथे पडलेला असतो. वर्षभर क्लेम केला नाही की 'नो क्लेम बोनस' मिळतो. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्के. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी विकली तरी तो नव्या गाडीवर नेता येतो. विक्रीची कागदपत्रं दाखवून विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. समजा, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता 16,000 रुपये आहे. 50 टक्के बोनस असलेल्याचे त्यात 8,000 वाचतात. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर मात्र ही सवलत नसते. शोरूमवाला आपणहून हे विचारेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही पत्र पुढे केलं की मात्र त्याला नाही म्हणता येत नाही.

आता विक्री. रस्ते तीन आहेत: शोरूममध्ये एक्स्चेंज, दलाल, किंवा ओळखीतला गिऱ्हाईक. एक्स्चेंजमध्ये भाव कमी मिळतो, पण 'एक्स्चेंज बोनस' म्हणून कंपनी वर काही रक्कम देते. फसगत इथेच होते. शोरूमवाला जुनीचा भाव चढवून सांगतो आणि नवीवरची सवलत तेवढीच उतरवतो. म्हणून आधी फक्त नव्या गाडीचं कोटेशन घ्या, जुनी आहे हे सांगूसुद्धा नका. ते लेखी हातात आलं की मग जुनी काढा. दोन वेगळे कागद, दोन वेगळे सौदे. दलालाकडून आणि गावातल्या एखाद्या गिऱ्हाइकाकडून मिळणारा भाव त्यांच्याशी ताडून बघा. ओळखीतला माणूस सहसा सगळ्यात जास्त देतो आणि कागदपत्रांत सगळ्यात जास्त टाळाटाळही तोच करतो.

"भाऊ, गाडी घेऊन जा, नावावर नंतर करू," हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते आणि आरसीवर नाव तुमचं. तिने कोणाला उडवलं तर? 2018 मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली होती आणि कागदावर पहिलाच मालक राहिला होता. म्हणून विक्रीच्या दिवशीच मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरून घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची प्रत, तारीख-वेळ लिहिलेली ताबा पावती आणि त्याचा फोटो ठेवा. ही कामं आता परिवहनच्या संकेतस्थळावरून सुरू करता येतात, पण "अर्ज टाकला" एवढ्यावर समाधान मानू नका. एम-परिवहन अॅपवर नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत पिच्छा सोडू नका.

शोरूमला जुनी दिली तरी हाच धोका असतो, कारण त्यांच्याकडून ती पुढच्या गिऱ्हाइकाला जाईपर्यंत महिने जातात. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आता परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अशा विक्रेत्याला गाडी देताना फॉर्म 29 सी भरला, की त्या काळातली जबाबदारी त्याच्याकडे जाते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नसेल तर नाव बदलेपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवा.

झरी जामणीला आणखी एक वळण आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. आदिलाबादचे गिऱ्हाईक इकडच्या गाड्या बघायला येतात आणि इकडचेही तिकडच्या शोरूमकडे डोळे लावून असतात. परराज्यात गाडी विकायची तर फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आधी काढावी लागते. एनओसीशिवाय नदीपलीकडे गेलेली 'एमएच 29' गाडी म्हणजे कायमची डोकेदुखी. ती कुठे आणि कोणाच्या हाती फिरते आहे हे तुम्हाला कळत नाही, चलान मात्र तुमच्या मोबाइलवर येतात. उलट दिशेनेही तेच. आदिलाबादला गाडी थोडी स्वस्त मिळाली म्हणून तिकडच्या पत्त्यावर घेऊन इकडे वापरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे 12 महिन्यांनंतर इथे नव्याने नोंदवून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडचा भरलेला कर परत मिळवायला वेगळा खेटा. पाच-दहा हजारांच्या फरकासाठी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनीवर बँकेचं कर्ज असेल तर फिटल्यावरही आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवावा लागतो. शेतीच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरवताना आपण जेवढे दक्ष असतो, तेवढं इथेही राहा. फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक टोलवर तुमचे पैसे खर्च करेल. ई-चलान बाकी असेल तर भरून टाका.

गाडी विकण्याच्या लायकीचीच उरली नसेल तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. सरकारने नोंदणी केलेल्या स्क्रॅपिंग केंद्रावर दिली तर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुनीची नोंदणीही रीतसर रद्द होते. भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर दुसऱ्याच गाडीला लागल्याचे प्रकार घडतात. तुमच्या नंबरच्या बाबतीत ते होऊ नये, हा त्यातला मोठा फायदा.

आता नवी. मासिकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत गाडीची परीक्षा पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर होते. आपली परीक्षा वणी-मुकुटबन रस्त्यावर आहे. कोळशाचे आणि सिमेंटचे लोड ट्रक, त्यांनी पाडलेले खड्डे, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा आणि संध्याकाळनंतर आडवं येणारं रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर. रोही कमी वजनाचं जनावर नाही. ते बॉनेटवर आलं की एअरबॅग, सीटबेल्ट आणि गाडीचा सांगाडा यांची खरी किंमत कळते. 2023 च्या ऑक्टोबरपासून 'भारत एनकॅप' या अपघात-चाचणीचं तारांकन सुरू झालं आहे. पाहत असलेल्या गाडीला किती तारे आहेत आणि ते नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाले आहेत, हे विचारा. जुन्या मॉडेलच्या ताऱ्यांवर नवं विकलं जातं, हेही चालतं. सनरूफ आणि सहा एअरबॅग यात निवड करायची वेळ आली तर मेच्या उन्हात पारा 45 च्या वर जाणाऱ्या या मुलखात काचेचं छप्पर कोणाला हवंय, मला तरी कळत नाही.

जमिनीपासूनची उंची नुसती माहितीपत्रकात बघू नका. वॅगन आरची 165 मिलिमीटर, टाटा पंचची 187, निसान मॅग्नाइटची 205. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच मोठी माणसं, मागे तांदळाचं पोतं आणि लग्नाच्या सामानाच्या दोन बॅगा भरल्या की गाडी मागून खाली बसते आणि गावाच्या तोंडाशी कोणीतरी आपल्या मर्जीने घातलेल्या गतिरोधकावर पोट घासतं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊच नका. गाडी घरी मागवा. बहुतेक शोरूम पाठवतात, थोडा आग्रह धरावा लागतो. घरातली सगळी माणसं बसवा, आजीलाही. तिला गुडघा न वाकवता चढता येतं का, उतरताना दार किती उघडतं, मागे बसलेल्यांपर्यंत एसीची हवा पोचते का, हे बघा. मग गावातल्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून आणि वावराच्या पांदण रस्त्यावरून न्या. शोरूमचा मुलगा कुरकुर करेल, करू द्या.

इंधनाच्या बाबतीत आपल्याकडे अजून डिझेलची ओढ आहे. ट्रॅक्टरचं कॅन घरात असतं, ओळख जुनी असते. पण 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 मानक आलं आणि चित्र पालटलं. मारुतीने त्या वेळी डिझेल गाड्याच बंद केल्या. बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांबवर, सलग वेगात धावावी लागते. झरीहून मुकुटबन आणि परत, एवढाच रोजचा पल्ला असेल तर ती तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपचं बिल निघतं. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा करही जास्त आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आत धावणाऱ्याने डिझेलचा नाद सोडावा, असं मला वाटतं. ज्याची गाडी आठवड्याला नागपूर-चंद्रपूर करते त्याची गोष्ट वेगळी.

सीएनजी स्वस्त पडतो खरा. पण तुमच्या वाटेवरचा पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते हे एकदा स्वतः जाऊन बघा. गाडी घेतल्यानंतर हा शोध लागला की पेट्रोलवरच चालवावी लागते आणि डिकीत टाकी उगीच जागा अडवून बसते.

विजेवरच्या गाडीला महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ आहे, ही मोठी रक्कम वाचते. स्वतःचं घर, 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि रात्रीची बऱ्यापैकी सलग वीज असेल तर मुकुटबनमध्ये नोकरी करणाऱ्याला ती परवडेल. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात घरची एकुलती एक गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

कोणतीही गाडी ठरवण्याआधी तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा आणि तिथे फोन लावा. गाडी विकणारं दुकान वणीत असतं आणि दुरुस्तीला यवतमाळ किंवा चंद्रपूर गाठावं लागतं, असंही होतं. समोरचा बंपर, हेडलाइट आणि एक दार, एवढ्याच तीन वस्तूंची किंमत आणि मिळायला लागणारे दिवस विचारा. रोही आडवं आल्यावर लागतात त्या याच. गावातल्या मिस्त्रींचे हात कोणत्या इंजिनावर बसलेले आहेत, हेही विचारात घ्या. वॉरंटी संपली की शेवटी गाडी त्यांच्याच अंगणात जाणार आहे.

वणी-मुकुटबन भागात एक खास मोह असतो, तो म्हणजे "गाडी कंपनीला लावू". खाणीच्या किंवा कारखान्याच्या साहेबांसाठी भाड्याने द्यायची, हप्ता त्यातच निघेल, असा हिशेब. गाडी लावायचीच असेल तर पासिंग व्यावसायिक करा, पिवळी पाटी घ्या, विमाही तोच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवली किंवा बाजाराच्या दिवशी काळी-पिवळीसारख्या खेपा मारल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारते. आणि कंपनीकडचं काम किती वर्षांचं आहे, हे लेखी नसेल तर सात वर्षांचा हप्ता त्याच्या भरवशावर काढू नका. जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनीही हे लक्षात ठेवावं. खाणीत धावलेली गाडी धुऊन-पुसून खासगी म्हणून विकायला येते. सीटखालच्या पट्ट्यांत आणि दारांच्या रबरात बोट फिरवा. काळी बारीक पूड लागली तर मीटरचा आकडा काहीही सांगो, ती खाणीतलीच.

आता कोटेशन. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतची डिझेल गाडी 18 टक्क्यांत आली. त्याआधी त्यावर 28 टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाड्यांना सरसकट 40 टक्के. त्याआधीचं कुठलंही कोटेशन, कुठल्याही व्हिडिओतली किंमत आता निरुपयोगी आहे.

एक्स-शोरूम किमतीवर राज्याचा कर येतो. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांना 12, त्यावर 13. डिझेलला याच टप्प्यांवर 13, 14 आणि 15. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला 88,000 रुपये, तेवढ्याच किमतीच्या डिझेलला 1,04,000. दहा लाखांची रेघ जपा. दर पूर्ण किमतीला लागतो, त्यामुळे दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला 1,10,000 रुपये कर आणि दहा लाख दहा हजारांच्या गाडीला 1,21,200. शिवाय दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो किंवा परत मिळतो. उत्पन्न फक्त शेतीचं आहे म्हणून विवरणपत्र न भरणारे हे पैसे सोडून देतात. सोडू नका.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टीचा विमा तीन वर्षांचा आणि स्वतःच्या नुकसानीचा किमान एक वर्षाचा लागतो. बाहेरून दर काढा आणि तो कागद शोरूममध्ये टेबलावर ठेवा, तिथला दर लगेच खाली येतो. झीरो डेप (घसारा न कापणारं संरक्षण) घ्या, इंजिन प्रोटेक्शन विचारून घ्या, कारण नाल्याच्या पुरात गाडी बंद पडते आणि पुन्हा चावी फिरवली की इंजिनात पाणी जातं. अॅक्सेसरीजचा 'पॅक' मात्र साफ नाकारा. सीटकव्हर आणि मॅट बाहेर बाजारात मिळतात. इंजिनखालची गार्ड प्लेट कंपनीचीच घ्या, आपल्या रस्त्यांवर ती लागते.

कर्जाचा हप्ता ऐकून हुरळू नका, व्याजाची पद्धत विचारा. सहा लाख रुपये, 9 टक्के, पाच वर्षं. घटत्या शिलकीवर हा हप्ता सुमारे 12,455 रुपये येतो आणि एकूण व्याज साधारण 1,47,000. तेच 9 टक्के 'फ्लॅट' असतील तर व्याज 2,70,000 आणि हप्ता 14,500. फायनान्स कंपनीचा माणूस "नऊच टक्के, दादा" एवढंच सांगतो, ते कुठले नऊ हे सांगत नाही. मुदत सात वर्षं केली तर घटत्या व्याजाचा हप्ता 9,653 वर येतो, पण एकूण व्याज 63,000 च्या वर वाढतं. शिवाय सात वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा ती पुन्हा जुनीच झालेली असेल. शेतकऱ्याने दरमहा हप्त्याला लगेच मान डोलावू नये. सहामाही किंवा वार्षिक हप्त्याची सोय काही बँका आणि फायनान्स कंपन्या देतात, विचारल्याशिवाय मिळत नाही. पीक कर्जाच्या पैशातून गाडीचा हप्ता भरणं हा प्रकार मी बघतो आणि त्यातून बाहेर पडलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही आधी लिहून घ्या, कारण कापूस चांगला पिकला तर तुम्ही तेच करणार.

ताबा घेण्याचा दिवस हारतुऱ्याचा असतो, म्हणून तपासणी आदल्या दिवशी करा, उजेडात. बैल घेताना आपण दात बघतो, इथे टायर बघायचे. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. 3825 म्हणजे 2025 चा 38 वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी साधारण एकाच सुमाराची हवी. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे नोंदणीच्या कागदावर येतंच. पुढे विकताना वर्ष त्यावरून मोजलं जातं, म्हणून जानेवारीत घेतलेली डिसेंबरची गाडी कागदावर पहिल्याच महिन्यात एक वर्षाने म्हातारी असते. त्यावरची सवलत त्या हिशेबाने मागा. दहा-पंधरा वर्षं वापरणार असाल तर हा तोटा तुम्हाला फारसा लागत नाही. मीटर शे-सव्वाशे किलोमीटरच्या वर असेल तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी नाही ना, हे विचारा. दारांचा रंग तिरप्या उजेडात बघा, वेगळी झाक असेल तर पुन्हा रंगवलेली. चेसिस नंबर बिलाशी जुळवा.

नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी घेऊन निघू नका, "पासिंग झालंय, पाटी पाठवतो" हे मान्य करू नका. गाडी गावी आली की तिला जुन्या कापसाच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या कोठीपाशी लावू नका. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि वॉरंटीत ते बसत नाही.

अर्जावर सही करण्याआधी मोबाइल नंबरची जागा वाचा. शोरूमचा पोरगा घाईत कधी स्वतःचा, कधी एजंटचा नंबर टाकतो. मग आरसी कधी निघाली, चलान कुठलं पडलं, विमा कधी संपतो, हे सगळे निरोप त्याच्याकडे जातात. तुमचा नंबर, तुमचं आधारवरचं नाव आणि पिनकोडसकट गावाचा पत्ता बरोबर आहे ना, बघा. आरसी घरी पोस्टाने येते आणि पत्ता चुकला की ती परत जाते.